आधी तू पेर

“आधी तू पेर. मग बाकीच्या पेरतील. आणि ऐक, तुझ्यापायी कुणाचं शेत कोरडं राहता कामा नये.”

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांचा हात रिस्पाच्या मनगटावर होता. आवाज पार खोल गेला होता, पण पकड मात्र कणसं मोडणाऱ्या बाईचीच. थोरल्या सुनेनं पहिलं बी मातीत टाकल्याशिवाय आवारातल्या दुसऱ्या कुणी पेरायचं नाही, ही सरोवराकाठच्या उयोमा भागातली रीत. मोडली तर घरादाराला दोष लागतो. सासूबाई होत्या तोवर तो मान त्यांचा होता. त्या दिवशी त्यांनी तो बांगडीसारखा रिस्पाच्या मनगटात चढवला. “येईन मी, आई. कुठंही असले तरी पेरायला येईन,” असं रिस्पा म्हणाली, तेव्हा कुठं त्यांनी डोळे मिटले.

आता नैरोबीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, गुडघे टेकून जपमाळ ओढताना तो आवाज पुन्हा पुन्हा मध्ये येत होता.

नवऱ्याला, ओदेराला, माती दिली त्या दिवसापासून रिस्पानं दोन नेम धरले होते. पहाटे उठून जपमाळ पुरी होईपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही, आणि शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी होती तेव्हा, कामाची पाळी कुठलीही असो, हे नेम तिनं निभावले. निवृत्त झाली, वेळच वेळ मिळाला, आणि आता मात्र मन जागेवर राहीना. ओठ देवाच्या आईचं नाव घेत होते आणि डोकं घरभाडं मोजत होतं. मालकानं पुन्हा भाडं वाढवलं होतं. पाणी नळाला येईना, कॅन विकत घ्यावे लागत. निम्मं पेन्शन या चार भिंती गिळत होत्या, आणि उरलेल्या निम्म्यावर गुडघ्यांच्या औषधांचा डोळा होता.

“माझ्या आई, मला माफ कर,” असं मनात म्हणत तिनं चुकलेला मणी मागं घेतला. मग आठवेना, कुठला मणी चुकला होता.

जप संपला की ती उगीच कपाट सरकवायची. पलंग खिडकीखाली आणायची, दुपारी परत भिंतीला लावायची. खालच्या मजल्यावरची बाई एकदा वर येऊन विचारून गेली, “आजी, घर सोडताय का?” रिस्पा म्हणाली, “नाही गं, घरच मला सोडतंय का ते बघतेय.”

*

पेन्शनच्या कामासाठी मिकाल नैरोबीला आली आणि सरळ रिस्पाकडं उतरली. दोघींनी एकाच वॉर्डात निम्मं आयुष्य काढलं होतं. मिकालनं लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्या झाल्या तिनं किसुमूच्या कडेला दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं, आणि तेव्हापासून दुसऱ्या खोलीसाठी ती रिस्पाच्या मागं लागली होती.

पलंगावर मांडी ठोकून तिनं मक्याच्या घट्ट उगालीचा गोळा वळला, ओमेना मासळीच्या रश्शात बुडवला आणि घास तोंडात असतानाच सुरू झाली.

“हे बघ. इथं तू मोकळी आहेस, पण त्या मोकळेपणाला दर महिन्याला भाडं पडतं. गावात भाडं नाही. मासळी स्वस्त, रताळी घरची, सल्ला तर टोपल्यांनी फुकट. पण शिंकायचं झालं तरी दिराला विचारून.”

“ओकुमू इतका वाईट नाही गं.”

“वाईट कोण म्हणतंय? चांगलाच आहे. चांगली माणसंच जास्त विचारतात. वाईट माणसाला तू कुठं चाललीस याच्याशी काय घेणं?”

रिस्पा हसली. “तुझं काय जातं बोलायला! तुला ना दीर, ना जाऊ.”

“म्हणून तर रंग टिकून आहे माझा. बघ, एक तरी सुरकुती दिसते का?”

“चष्मा आणते, मग सांगते.”

“राहू दे चष्मा. माझ्याकडं ये. भाडं अर्धं तुझं, अर्धं माझं. चर्च चालत जाण्याजोगं. दारात लिंबाचं झाड. डास आहेत, खोटं कशाला बोलू, आणि दुपारी पत्रा असा तापतो की भाकरी भाजून घ्यावी. पण घरमालकीण ठार बहिरी आहे. तू पहाटे कितीही मोठ्यानं भजन म्हण.”

“मी मोठ्यानं म्हणत नाही.”

“मला माहीत नाही का? तू प्रार्थनासुद्धा अशी करतेस, की देवाला कान लावून बसावं लागत असेल.” मिकालनं ताट बाजूला ठेवलं. आवाज जरा उतरला. “पण खोली फार दिवस धरून ठेवता यायची नाही, रिस्पा. एक मास्तरीण विचारून गेलीय. हो की नाही ते सांग.”

 पण खरं सांगायचं, तर रिस्पाचा जीव गावातच अडकला होता. ओदेरानं स्वतः विटा पाडून बांधलेलं घर. पहाटे सरोवराकडून येणारा होड्यांचा आवाज. आंब्याखाली ओदेराची कबर, आणि कबरीशेजारी एका माणसापुरती मोकळी जागा. तिथं म्हातारपण काढायचं, हे त्या दोघांचं कधी न बोलता ठरलेलं होतं. अडचण फक्त छपराची होती. पत्रा पार गंजला होता. गेल्या खेपेला तिनं पलंगाशेजारी परात ठेवून झोप काढली होती. तशा घरात चार दिवस काढता येतात, म्हातारपण नाही.

“शुक्रवारपर्यंत थांब,” ती म्हणाली. “ओकुमूशी बोलते.”

*

शुक्रवारी संध्याकाळी ओकुमूचाच फोन आला.

“आकेयोची आई, जेवलीस का?” आकेयो म्हणजे रिस्पाची एकुलती एक लेक, लग्न होऊन किगालीला राहणारी. मुलगा असता तर त्यानं आईसाठी घर बांधलं असतं आणि पुढचं बोलणंच निघालं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. कुणी ते कधी बोललं नव्हतं.

“आज शुक्रवार आहे, भावोजी.”

“हो हो, विसरलोच. मयताच्या जेवणाला लोक मला विचारतात, तुझी वहिनी आमच्या घरचं का खात नाही? मी सांगतो, शुक्रवारी तिचं पोट देवाकडं गहाण असतं.” तो स्वतःच खोखो हसला. मग खाकरला. “पत्रे बघून आलोय मी. चांगले जाड आहेत. सुताराशीही बोललोय. फक्त ती रीत तेवढी पुरी करू.”

 रीत कुठली ते रिस्पाला माहीत होतं. विधवेच्या घराला नवं छप्पर चढवायचं, तर आधी त्या घराला पुरुष हवा. नवऱ्याच्या भावानं तिला आपल्या नावावर घ्यायचं. आता दिवस बदलले होते. शिकलेल्या घरांत नुसत्या खुणेवर भागवत.

“माझा कोट एक रात्र तुझ्या खुंटीवर राहील,” ओकुमू म्हणाला. “मी नाही, नुसता कोट. मी आपला बायकोच्या घरात, तुरफोसाकडं घोरत पडेन.”

“त्या खुंटीवर टोपी आहे, भावोजी.”

“कुणाची?”

“तुमच्या भावाची.”

 मग ओकुमू हळू म्हणाला, “टोपीला दुसरी खुंटी मारू. अगं, कोट काय चावणार आहे तुला?”

“कोट नाही चावत. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विचाराल. कुठं निघालीस, कधी येणार, कोण आलं होतं.”

“विचारणारच! घरचा माणूस नाही विचारणार तर कोण, पोलीस?”

“आणि मी ओदेराच्या शवपेटीवर हात ठेवून शब्द दिलाय. त्याच्यानंतर मी कुणाच्या नावावर जाणार नाही. खुणेपुरतीसुद्धा नाही.”

“मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आणि जिवंत माणसाचं छप्पर, यांतलं आधी काय बघायचं?” आता त्याच्या आवाजातली गंमत गेली होती. “आणखी एक. आजवर तू पाहुणी होतीस. यायचीस, पेरायचीस, जायचीस. म्हातारी मंडळी डोळे मिटून घ्यायची. आता कायमची येणार म्हणजे तू घरची झालीस. घरच्या विधवेनं रीत न करता बी टाकलं, तर दोष माझ्या पोरांना लागेल. आधी कोट, मग बी. मी मुद्दाम अडवतोय असं समजू नकोस. मला भीती वाटते, वहिनी. खरंच वाटते.”

ते खरं होतं. ओदेराची कबर खणताना याच माणसाचे हात सोलून निघाले होते, आणि दर वर्षी रिस्पाच्या घराचं कुंपण तोच न सांगता बांधून द्यायचा. म्हणूनच तर त्याला नाही म्हणणं इतकं जड होतं.

ती रात्र आणि पुढचे कितीतरी दिवस रिस्पा स्वतःशीच भांडत राहिली. एक रात्र तर आहे. कापडाचा तुकडा तर आहे. देव काय खुंट्या मोजत बसतो? असं म्हणून ती निम्मी तयार व्हायची, पिशवी भरायला घ्यायची. मग डोळ्यांसमोर ती गवताची टोपी यायची, जिच्या काठावर ओदेराच्या बोटांचा काळा डाग अजून होता, आणि पिशवी परत रिकामी व्हायची. बाजारात गेली तर कांदे घ्यायला विसरायची आणि रिकाम्या हातांनी दोनदा तोच रस्ता चालायची. मिकालचा फोन आला की म्हणायची, “उद्या सांगते.” मिकाल म्हणायची, “तुझा उद्या कुठल्या महिन्यात येतो गं?”

गावाकडं ढग आले होते, हे मात्र तिनं कुणाला विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती.

*

गुरुवारी पहाटे जप अर्ध्यावर आला असताना फोन वाजला. रिस्पानं डोळे उघडले नाहीत. फोन थांबला, पुन्हा वाजू लागला. या वेळी तिला फोन करू नये, हे तिच्या सगळ्या माणसांना माहीत होतं. पुन्हा थांबला आणि पुन्हा वाजला. तिनं पाहिलं. तुरफोसाचं नाव होतं. ओकुमूची बायको, तिची धाकटी जाऊ.

तुझ्यापायी कुणाचं शेत कोरडं राहता कामा नये.

रिस्पानं ज्या मण्यावर बोट होतं तिथं दोऱ्याला धरून ठेवलं आणि फोन कानाला लावला. “बोल,” ती म्हणाली. ओदेरा गेल्यापासून जपाच्या मध्ये उच्चारलेला तो पहिला शब्द.

“सवतबाई, जपात होतीस ना? मला माफ कर.” त्या भागात जावा एकमेकींना सवतच म्हणतात, आणि तुरफोसा ते नेहमी चिडवल्यासारखं म्हणायची. आज आवाज थरथरत होता. “तो परसाकडं गेलाय. आत्ताच बोलता येईल. मी… मी पेरलं.”

“काय पेरलंस?”

“मका. केळीच्या मागं, चार ओळी. पलीकडं आसेम्बोत पाऊस पडून गेला, आपल्याकडंही जमीन ओली झाली. आजूबाजूच्या सगळ्या पेरून मोकळ्या झाल्या. मी रोज पाटी काखेत घेऊन बांधावर उभी, भुतासारखी. तुमचं ते कोटाचं मिटेना. परवा माझा हातच राहिला नाही गं. तुझ्याआधी पेरलं मी. आणि कालपासून धाकट्या पोरीचं अंग तापलंय.”

“थंडी वाजून येते का?”

“हो.”

“ओकते?”

“एकदा.”

“मग आज दवाखान्यात ने. आत्ता, ऊन चढायच्या आत. रक्त तपासायला सांग. दोषाचं मी बघते, मलेरियाचं डॉक्टर बघू दे.”

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. “कोंब वर यायच्या आत तू ये. त्याला दिसायच्या आत. तू पेरलंस की माझं तुझ्यामागून आलं असं होईल. देवाच्या आईची शप्पथ, मी पुन्हा असं करणार नाही.”

“शपथ घेऊ नकोस. आणि तो कोट? तुझ्या नवऱ्याचा कोट माझ्या खुंटीवर आलेला चालेल तुला?”

“त्या कोटाचं मला नको सांगूस!” रडता रडता तुरफोसा उसळली. “तो धुते मी, वाळत घालते मी. लग्नाला घालून गेला तर तिथंच विसरून येतो. तुझ्याकडं राहिला, तर आणायलाही मलाच धाडेल.”

दोघी हसल्या. हसू ओसरल्यावर रिस्पानं तो प्रश्न विचारला जो तिनं मिकालला विचारला नव्हता, लेकीला नाही, आणि देवालाही धड विचारला नव्हता.

“तुरफोसा, मी तिथं राहायला यावं असं तुला वाटतं?”

 “तू आलीस तर मला बोलायला कुणी मिळेल,” तुरफोसा म्हणाली. “पण तू अशी, कोट घेऊन आलीस, तर तू माझ्यासारखीच होशील. मग असं काही झालं तर मी फोन कुणाला करू?” आणि लगेच घाईनं, “आला तो. ठेवते.”

रिस्पा तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. दोऱ्यावरचं बोट तिनं काढलं नव्हतं. खिडकीबाहेर मटाटू गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. इतके दिवस तिनं भाडं आणि मासळी, गुडघे आणि छप्पर, सगळं पारड्यात घालून पाहिलं होतं, आणि काटा कुठंच थांबत नव्हता. आता तिच्या ध्यानात आलं, की ओकुमूनंच तिला वाट दाखवली होती. आजवर तू पाहुणी होतीस.

त्या वाटेची किंमतही तिला तेवढ्याच स्वच्छ दिसली. तिनं डोळे मिटून ओदेराच्या विटा एकदा मनात पाहून घेतल्या. मग ओकुमूला फोन लावला.

“भावोजी, उद्याच्या पहाटे मी पेरायला उभी राहते. पण राहायला येत नाही. पाहुणी म्हणूनच येईन, दर पेरणीला, आणि दोन दिवसांनी परत जाईन. बिऱ्हाड किसुमूला करते आहे.”

“किसुमूला? अगं, स्वतःचं घर असताना भाडं भरणार?”

“भरीन.”

“आणि छप्पर?”

“राहू दे तसंच.”

“दोन पावसाळ्यांत खाली बसेल ते. आतल्या भिंती कच्च्या विटांच्या आहेत.”

“बसेल,” रिस्पा म्हणाली. 

 “आणि मेल्यावर?” ओकुमूनं विचारलं. “पाहुणीला कुठं पुरायचं?”

“मेल्यावर मला कुठं न्यायचं ते तुम्ही ठरवा, भावोजी. तुमच्या भावाशेजारी जागा आहे, ती तुम्ही मला नाकारणार नाही हे मला ठाऊक आहे. जिवंतपणी कुठं राहायचं, तेवढं माझ्याकडं राहू द्या.”

 कुठंतरी कोंबडा आरवला, तिच्याच आवारातला असणार.

“दादा म्हणायचाच,” ओकुमू म्हणाला, “की ही बाई बोलते हळू, पण जागची हलत नाही.” मग, जरा घुश्शातच, “पाहुणीला काय, म्हातारी मंडळी यंदाही डोळे मिटतील. मी सांगतो त्यांना. मासळी आणून ठेवू?”

“उद्या शुक्रवार आहे.”

“तू आणि तुझा शुक्रवार! मग परवा खा.”

“परवा खाईन. आणि ती टोपी मी सोबत नेईन.”

“ने,” तो म्हणाला. “ती तुझीच आहे.”

केळीमागच्या ओळींबद्दल त्यानं विचारलं असतं, तर ती खोटं बोलली नसती. त्यानं विचारलं नाही. तिनं मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि धाकटीच्या तापासाठी तिथंच एक प्रार्थना वाढवली.

मिकालला तिनं एवढंच कळवलं, की मास्तरणीला नाही म्हण. मिकालचं उत्तर ताबडतोब आलं: पडलेली लिंबं मी एकटीनं वेचायची नाहीत, सांगून ठेवते.

मग रिस्पानं पलंगाखालचा डबा ओढला. त्यात सासूबाईंच्या वाणाची पांढरी मका होती, कीड लागू नये म्हणून राखेत घोळवलेली. तिनं ओंजळभर दाणे फुंकून घेतले, हिरवट-काळे बाजूला काढले, आणि उरलेले डोक्याच्या रुमालाच्या टोकात बांधून गाठ दातांनी आवळली. राखेची चव जिभेवर आली. किसुमूची गाडी सुटायला अवकाश होता. तिथं गाडी बदलून दिवस बुडायच्या आत उयोमात पोचता आलं असतं.

जप अजून अर्धा बाकी होता. ज्या मण्यावर थांबली होती तिथंच अंगठा ठेवून तिनं दार ओढून घेतलं, चप्पल वाजू नये म्हणून हातात धरली आणि ओठ हलवत जिना उतरू लागली.